गायक अनेकदा बदलूनही आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड टिकला कसा?

थोडक्यात उत्तर: स्टीव्ह हॅरिस. १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये या बेस वाजवणाऱ्या पठ्ठ्याने बँड काढला आणि आजही सूत्रं त्याच्याच हातात आहेत.

पहिले दोन अल्बम पॉल डिआनोच्या आवाजात आहेत, थोडे रांगडे, पंकच्या अंगाने जाणारे. १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन आला आणि पुढच्याच वर्षीच्या अल्बमने ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. १९९३ मध्ये तो एकल कारकिर्दीसाठी बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीला लोक उगाच नावं ठेवतात. ब्रूससाठी बांधलेली उंच पट्टीची गाणी त्याच्या खालच्या आवाजाला झेपत नव्हती, हे खरं. पण त्याच्या काळातली काही गाणी बँड नंतरही वाजवत राहिला.

१९९९ मध्ये ब्रूस आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले. बँडने कोणत्याही गिटारवादकाला न काढता तीन गिटार ठेवल्या! माझ्या मते खरा पुनर्जन्म तिथेच झाला. ब्रूस वैमानिकही आहे. २००८ च्या दौऱ्यात त्यानेच बँडचं बोइंग ७५७ चालवलं, आणि त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम आपल्या मुंबईत झाला.