राग खरा आहे, नेम चुकलाय

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या प्लेलिस्ट उडवल्यास, टी-शर्ट धाकट्या भावाला देऊन टाकलास आणि वर मलाच विचारलंस की जी माणसं वर्षानुवर्षं जुन्याच गाण्यांवर पोट भरतात त्यांच्यासाठी आपण का जीव टाकायचा. गेल्या वर्षी, 17 मे 2025 ला, महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यांना ऐकून आल्यावर तुझा घसा बसला होता. त्याच तुझा हा मेसेज. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. ‘त्यांनी इतकं दिलंय, आता गप्प बसा’ असं जे तुला सुनावतात त्यांचं मला पटत नाही. नवं गाणं मागणारा चाहता कृतघ्न नसतो. तो त्या माणसांना अजून जिवंत कलावंत समजतो. जुनं ऐकून खूश होणाऱ्यांपेक्षा त्याच्या मनात त्यांच्याबद्दल जास्त आदर असतो. तुझा राग मला मोलाचा वाटतो तो म्हणूनच. तो फुकट जाऊ नये एवढीच काळजी आहे.

तक्रारीत तथ्य आहेच. पहिला अल्बम ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ जुलै 1987 मधला. ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन्ही भाग सप्टेंबर 1991 मध्ये एकाच दिवशी आले. 1993 चा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा. मग थेट 2008 चा ‘चायनीज डेमोक्रसी’, तोही जवळपास सगळा बँड बदलल्यावरचा. म्हणजे गायक ॲक्सल रोझ, गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मकेगन या तिघांनी मिळून स्वतःच्या नव्या गाण्यांचा केलेला शेवटचा अल्बम 1991 चा आहे. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. 2016 मध्ये तिघं पुन्हा एकत्र आले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता अल्बम येणार. आली ती सुटी गाणी, आणि त्यांतली बरीचशी वीस-वीस वर्षांपूर्वीच्या सामानातून काढून पुन्हा घडवलेली. 2021 चं ‘ॲब्सर्ड’ हे 2001 मध्ये ‘सिल्कवर्म्स’ नावाने स्टेजवर वाजलेलं गाणं. ‘हार्ड स्कूल’ आणि ‘पर्हॅप्स’ यांचीही मुळं त्याच काळातली.

पण यावरून ‘त्यांना सुचणंच बंद झालंय’ असा निष्कर्ष काढतोस तिथे मला तुला थांबवायचंय. गाणी आहेत. ढीगभर आहेत. ती हातातून सोडवत नाहीत, असं मला वाटतं. सुचणं आणि सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुला पुढे आयुष्यभर वाजवायचं असेल तर हा फरक आत्ताच ओळखायला हवा.

‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ची सुरुवात तू माझ्यासमोर बसून घोटली आहेस. आता हात बाजूला ठेव आणि फक्त तिची रचना बघ. गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली, डावा हात बाराव्या पडद्यापाशी. आठ सुरांचं एक आवर्तन. पहिला सूर चौथ्या तारेवर, मग उडी मारून दुसऱ्या तारेवर, मग तिसरी, पुन्हा तिसरी, मग पहिली, असं तारा ओलांडत जाणारं. प्रत्येक आवर्तन दोनदा येतं, आणि पुढच्या वेळी बदलतो तो फक्त पहिला सूर. बाकीचे सात जिथल्या तिथे. हे बोटांच्या व्यायामासारखं वाटतं, कारण ते जवळपास तसंच होतं. लॉस एंजेलिसमधल्या घरात स्लॅश सहज काहीतरी छेडत बसला होता. बँडचा दुसरा गिटारवादक इझी स्ट्रॅडलिनने त्याखाली कॉर्ड्स लावल्या. वरच्या खोलीत ॲक्सलच्या कानावर ते पडलं आणि तो शब्द लिहू लागला. स्लॅशला स्वतःला ते गाणं बरीच वर्षं आवडतही नव्हतं. तो एकटा असता तर ते तिथेच विरून गेलं असतं.

आणि शेवटचा भाग, जिथे गाणं एकदम अंधारतं आणि ॲक्सल ‘आता पुढे कुठे’ असं पुन्हापुन्हा विचारत राहतो, तो कसा आला? डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करताना त्यांना शेवट सापडत नव्हता. ॲक्सल स्वतःशीच पुटपुटला, आता कुठे जायचं? डेमो करून घेणारा निर्माता म्हणाला, हेच गा. गाण्यातली अडचणच गाण्यात राहिली. आज हजारो लोक मैदानात हात उंचावून तोच भाग गातात. खोलीत दुसरा माणूस होता आणि तो ‘हे ठेव’ म्हणाला, म्हणून हे झालं.

आता ‘चायनीज डेमोक्रसी’कडे ये. इझी 1991 च्या अखेरीस गेला, स्लॅश 1996 मध्ये, डफ 1997 मध्ये. मूळच्यांपैकी ॲक्सल एकटा उरला, बँडचं नाव त्याच्या हाती आणि कंपनीचा पैसा पाठीशी. गिटारवादक आले-गेले, निर्माते बदलले, स्टुडिओ बदलले. 2005 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की खर्च एक कोटी तीस लाख डॉलरच्या घरात गेलाय आणि अल्बमचा पत्ता नाही. मला त्यातली एक गोष्ट फार लागते. जोश फ्रीझ हा ड्रमर सोडून गेल्यावर त्याने वाजवलेले ड्रम्स कागदावर उतरवले गेले आणि नव्या ड्रमरने, ब्रेनने, ते ठोक्याला ठोका तसेच पुन्हा वाजवले. कल्पना कर. एवढा तगडा वादक समोर बसलाय, आणि त्याला म्हणायचं, तुझं काही नको, गेलेल्याचंच हुबेहूब दे. त्या खोलीत ‘झालं, पुरे’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. असला तरी कुणी वापरला नाही.

अल्बम अखेर नोव्हेंबर 2008 मध्ये आला तेव्हा लोकांनी गाणी ऐकलीच नाहीत, त्यांनी वाट पाहिलेली वर्षं मोजली. हा अन्याय झाला असं मी ठामपणे म्हणतो. ‘देअर वॉज अ टाइम’ एकदा रात्री हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐक. शेवटाकडे बकेटहेड या तेव्हाच्या गिटारवादकाची गिटार उसळते ती ऐकून तू मला फोन करशील. ‘बेटर’ही ऐक. इतकी वर्षं घासून-पुसूनही त्यात जीव राहिलाय.

तू म्हणशील, म्हणजे ॲक्सल संथ आहे, हाच दोष. नाही. ‘नोव्हेंबर रेन’चा पियानोवरचा डेमो 1986 मधला आहे आणि गाणं आलं 1991 मध्ये. तो पहिल्यापासून असाच, गाणं वर्षानुवर्षं उराशी धरून ठेवणारा. पण तेव्हा आजूबाजूला त्याच्याइतकेच हट्टी चौघं होते. भांडत, दारू पीत, एकमेकांना नको नको करत, तरी गाणं पूर्ण करून घेणारे. इझी तर त्यांच्यातला सर्वांत कमी बोलणारा आणि कदाचित सर्वांत मोठा गीतकार. ‘पेशन्स’ त्याच्याच नावावर सांगितलं जातं. 2016 च्या पुनर्मिलनात तो नव्हता, आणि कमाईच्या समान वाटणीवरून बिनसलं असं त्याने स्वतःच तेव्हा जाहीर म्हटलं. चाहते स्लॅश परतला म्हणून नाचले. माझ्या मते नव्या गाण्यांच्या दृष्टीने इझीची गैरहजेरी जास्त महागात पडली.

या सगळ्यात आपलाही वाटा आहे. 2016 ते 2019 च्या त्या दौऱ्याने 58 कोटी डॉलरहून जास्त कमावले, एकही नवा अल्बम नसताना. ते तिकीट कुणी काढलं? तूच मला सांगितलंस की रेसकोर्सवर ओळखीचा रिफ, म्हणजे गिटारची सुरावट, आला की सगळे फोन वर जायचे, आणि कमी ओळखीचं गाणं लागलं की पोरं पाण्याच्या आणि बर्गरच्या रांगेत उभी राहायची. आपल्याकडे संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने हेच केलं. वन्समोअर घेत घेत तीच पदं मागितली, नव्या नाटकाला थिएटर रिकामं ठेवलं आणि मग म्हणाला, आता पूर्वीसारखं कुणी लिहीत नाही. जे मागितलं जातं तेच मिळत राहतं. हे बँडच्या बचावासाठी म्हणत नाही. तुझ्या रागातला काही भाग त्या रांगेकडेही वळायला हवा म्हणून सांगतोय.

वयाची सबब मात्र मला मान्य नाही, आणि तूही ती ऐकून घेऊ नकोस. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने 2005 नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढलाच नव्हता. अठरा वर्षं. दरम्यान 2021 मध्ये त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स वारला. मग गायक मिक जॅगरने तारीख ठरवली, व्हॅलेंटाइन डेपर्यंत संपवायचं, आणि निर्माता म्हणून अँड्र्यू वॉटला आणलं, जो वयाने त्याचा नातू शोभेल. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ आला. जॅगर तेव्हा ऐंशीचा होता. तारीख, आणि न घाबरता बोलणारा बाहेरचा एक माणूस, एवढंच लागलं. स्लॅशचंच बघ ना. गायक माइल्स केनेडीबरोबर त्याने 2012, 2014, 2018 आणि 2022 मध्ये अल्बम काढले, आणि 2022 चा तर सगळ्यांनी नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत एकत्र उभं राहून वाजवला. डफचा ‘लाइटहाउस’ 2023 मधला. हात थकलेले नाहीत. अडलंय ते तिघांच्या एकत्र खोलीत.

तेव्हा तुझ्या मेसेजमधल्या दोन गोष्टी मला आवडल्या नाहीत, त्या स्पष्ट सांगतो. एक, ॲक्सलच्या आवाजावरची वाक्यं. साठी ओलांडलेल्या गायकाचा आवाज पंचविशीसारखा लागत नाही, हा शरीराचा धर्म आहे. त्याचा नव्या गाण्यांशी काडीचाही संबंध नाही. या दोन तक्रारी एकत्र केल्यास की तुझी खरी तक्रार कुणी ऐकणार नाही. दुसरी, त्या चोरून बाहेर आलेल्या रेकॉर्डिंगची. लिलावात गेलेल्या सामानातल्या सीडींमधून 2019 मध्ये जे फुटलं ते तू मित्रांना पाठवत सुटला आहेस आणि ‘बघा, किती गाणी दाबून ठेवलीत’ म्हणतोस. अरे, जो माणूस अपुरं गाणं दाखवायला आधीच घाबरतो त्याचं अपुरं गाणं जगभर फिरवलं तर तो दार आणखी घट्ट लावून घेईल. मी तरी लावून घेईन. ती फाइल पुढे पाठवू नकोस.

त्याऐवजी काय करायचं? डफचा अल्बम विकत घे. इझीचे एकट्याचे अल्बम शोध, त्यातला साधेपणा तुझ्या गिटारला उपयोगी पडेल. नवं गाणं आलं की पहिल्या दिवशी निकाल न देता आठवडाभर ऐक, मग नावं ठेवायची तर ठेव, पण गाण्यातली जागा दाखवून ठेव: इथे ड्रम्स मागे पडलेत, इथे कडवं लांबलंय. अशी टीका मला कितीही कडवट असली तरी चालते.

आणि तुमच्या बँडबद्दल. तू दहावीत असताना सुरू केलेलं ते गाणं अजून ‘मिक्सिंग चालू आहे’ असं ऐकतोय. दोन ड्रमर बदलून झाले, दुसरं कडवं पाचव्यांदा लिहून झालं. तुझी बेसिस्ट मैत्रीण परवा क्लासमध्ये म्हणत होती की तिला ते आहे तसंच आवडतं, पण तू ऐकत नाहीस. तिचं ऐक. येत्या रविवारी सगळे या, ॲम्प्लिफायर मी लावून ठेवतो. एका टेकमध्ये वाजवायचं, चुकलं तरी थांबायचं नाही, आणि महिन्याच्या शेवटी ते लोकांसमोर जायला हवं. तारीख तिला ठरवू दे, तू नाही.

तुझा,
सर

ता. क. टी-शर्ट भावाकडून परत मागू नकोस. त्यालाही बँड ऐकू दे, आणि सुरुवात 1987 पासून न करता 2008 पासून करून दे.