घोड्याच्या मूत्राशयातील खडा: उभ्याने काढावा की पूर्ण भूल देऊन?

निफाडजवळच्या आपल्या 12 वर्षांच्या खच्ची केलेल्या घोड्याला दौड झाल्यावर लाल लघवी होते आणि तपासणीत मूत्राशयात लिंबापेक्षा मोठा खडा आढळला आहे. हुलग्याच्या काढ्याने तो विरघळेल का, आणि नाही तर कोणती शस्त्रक्रिया करावी, असे आपण विचारले आहे. मी नाशिक परिसरात घोड्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक आहे. काढ्याने हा खडा विरघळणार नाही, आणि काढा पाजण्यात जेवढे महिने जातील तेवढ्यात तो आणखी वाढेल.

घोडा चाऱ्यातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतो आणि उरलेले लघवीवाटे टाकतो. त्यामुळे निरोगी घोड्याची लघवीसुद्धा गढूळ आणि अल्कधर्मी असते. खडा बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो आम्लात विरघळतो हे खरे, परंतु लघवी तेवढी आम्लधर्मी करणे आणि तशी टिकवणे घोड्यात जमत नाही. खड्याचा पृष्ठभाग बहुतेक वेळा काटेरी असतो, आणि दौडीत तो मूत्राशयाच्या अस्तरावर घासतो, म्हणून रक्त श्रमानंतरच जास्त दिसते.

घोडी असती तर काम सोपे होते, कारण तिचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने गुंगी आणि कण्यातील भूल देऊन पुष्कळदा हातानेच खडा काढता येतो. नरात मुख्यतः दोन मार्ग उरतात. पहिल्यात घोडा उभाच ठेवून, शेपटीच्या मुळाशी कण्यात भूल देऊन, गुदद्वाराच्या खाली मध्यरेषेवर मूत्रमार्ग उघडतात आणि तेथून चिमटा आत घालतात. खर्च कमी, पूर्ण भुलेचा धोका नाही. मात्र मोठा खडा या वाटेने अखंड निघत नाही. तो आत फोडावा लागतो, त्यात मूत्राशयाला इजा होऊ शकते, आणि मागे राहिलेल्या चुऱ्याभोवती नवा खडा जमतो. जखम सहसा उघडीच ठेवून भरू देतात, त्यामुळे काही आठवडे लघवी तेथूनही झिरपते. मांड्यांची कातडी रोज धुऊन तिला व्हॅसलीन लावावे लागते, आणि पुढे मूत्रमार्ग आकसण्याची शक्यताही राहते.

दुसऱ्या मार्गात पूर्ण भूल देऊन घोड्याला उताणे ठेवतात, पोट उघडून मूत्राशयातून खडा अखंड काढतात, आतून स्वच्छ धुतात आणि मूत्राशय दोन थरांत शिवतात. पोटात संसर्ग होण्याची आणि शुद्धीवर येताना धडपडून हाड मोडण्याची भीती असते. घोड्यांत नियोजित शस्त्रक्रियेतही भुलेमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे 1 टक्का मानले जाते, जे माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या तुलनेत बरेच जास्त आहे. तरीही आपण सांगितलेल्या आकाराच्या खड्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन. लेझरने किंवा धक्कालहरींनी खडा फोडण्याची पद्धतही आहे, पण तिला खास उपकरण लागते आणि चुऱ्याचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

पूर्ण भुलेच्या शस्त्रक्रियेसाठी मऊ भिंतींची खोली, उचलण्याची यारी आणि घोड्यांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ लागतो, म्हणून मुंबई किंवा पुण्याकडे चौकशी करावी. निघण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी) आणि दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी येथेच करून घ्यावी. मूत्रपिंडातही खडे असतील किंवा त्यांचे काम मंदावले असेल, तर सगळा विचार बदलतो. मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक स्वतःहून देऊ नये. घोडा कळा देऊनही लघवी करू शकत नसेल, तर मूत्रमार्गच अडला असण्याची शक्यता असते. तेव्हा कसारा घाट उतरण्याच्या भानगडीत न पडता त्याच तासात जवळच्या डॉक्टरांना बोलवावे.

शस्त्रक्रियेनंतर लसूणघास बंद करावा. आपल्याकडे तो मुबलक मिळतो आणि घोडाही आवडीने खातो, पण त्यात कॅल्शियम फार असते. त्याऐवजी ओटचा किंवा साध्या गवताचा वाळलेला चारा द्यावा. चंदीत रोज 50 ते 75 ग्रॅम मीठ, हळूहळू वाढवत, मिसळावे आणि पाणी कायम समोर ठेवावे. श्रमानंतर पुन्हा लाल लघवी दिसली, तर दुर्बिणीतून मूत्राशय लगेच तपासून घ्यावे, कारण लहान असतानाच सापडलेला खडा उभ्या घोड्यातही काढता येतो.