वाचकांचे प्रश्न : कांदा, चाळ आणि एक्सेल

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाला एक्सेलवर आर्थिक नियोजन शिकवायचे आहे. सुरुवात कशापासून करावी?
– एक वाचक, निफाड

उत्तर : सूत्रांपासून नव्हे, तर गटापुढच्या खऱ्या निर्णयापासून करावी; उदाहरणार्थ, उन्हाळ कांदा लगेच विकावा की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवावा. १०० क्विंटल कांदा १५०० रुपये भावाने विकल्यास दीड लाख रुपये मिळतात. मात्र चाळीत ३० टक्के घट धरली, तर उरलेल्या ७० क्विंटलला सुमारे २१४३ रुपये भाव मिळाल्याशिवाय तेवढी रक्कम हाती येत नाही, आणि यात निवडणीची मजुरी व पीककर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही. भाव, घट व व्याज यांचे रकाने वेगळे ठेवून प्रत्येकाला स्वतःचे आकडे बदलून पाहू द्यावेत. घरच्यांच्या श्रमाचा रकाना बहुधा रिकामाच राहतो. तो आधी भरून घ्यावा.