टीममध्ये ऑटिझम असलेला सहकारी येतोय? मग आधी हे कर

पहिल्यांदाच टीम लीड झालायस, म्हणून सांगतो. काय सोयीचं पडेल ते आधी त्यालाच विचार. एक ऑटिस्टिक माणूस भेटला म्हणजे सगळे कळले, असं नसतं.

मग स्वतःच्या सूचना तपास. 'जरा ते रिपोर्टचं बघून घे, लवकर' हे आपल्याला चालतं, कारण आपण उरलेलं अंदाजाने भरून घेतो. त्याला लिही: 'गुरुवारी चारपर्यंत विक्रीच्या तक्त्यातल्या बेरजा तपासून मेल कर.' (गंमत म्हणजे याने बाकीच्यांचेही 'नक्की काय करायचंय?' असे फोन कमी होतात.) मीटिंगचे विषय आदल्या दिवशी पाठव. जागच्या जागी बोलायचा आग्रह नको, नंतर लिहून दिलं तरी चालेल म्हण. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलून घे. हेडफोन लावून बसला तर माणूसघाणा ठरवू नकोस. नजरेला नजर देत नाही, केक कापायला थांबत नाही, हे अप्रेझलमध्ये आणायचं कारणच नाही.

त्याने ऑटिझमचं निदान तुला सांगितलं असेल, तर ते तुझ्यापाशीच ठेव.

एचआरने 'पॉलिसीत बसत नाही' म्हटलं, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखव. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियाही (वाचायला-लिहायला अडचण) येतो. एडीएचडीचा (लक्ष टिकवायला अडचण, अतिचंचलता) मात्र वेगळा उल्लेख नाही. कलम २१ प्रमाणे खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण करावं लागतं. २० किंवा जास्त कर्मचारी असले तर दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. तुमच्याकडे तो कोण, ते आत्ताच विचारून ठेव.