मोकळ्या भूखंडावर ब्लॉक बसवावेत का?

प्रश्न : आमच्या वसाहतीतील मोकळ्या भूखंडावर सर्वत्र सिमेंटचे ब्लॉक बसवण्याचे घाटत आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. हे योग्य ठरेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : कृपया तसे होऊ देऊ नका. दिवसभर तापलेले ब्लॉक रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी रस्त्यावर धावते. कडुनिंबाखालची उघडी माती मात्र भर दुपारीही पायांना सोसवते. लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे मोकळ्या जागांची आखणी करणारा तज्ज्ञ, प्रथम जमिनीचा उतार पाहतो. पांझरा नदीवरील फड या पारंपरिक सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी केवळ उताराने पाटांतून शेतापर्यंत पोहोचते, ही जाण खानदेशाला जुनीच आहे. पावसाचे पाणी उताराने येऊन मुरावे, यासाठी सखल कोपऱ्यात उथळ खळगा करावा. काळी माती पाणी सावकाश मुरवते, म्हणून खळग्याच्या तळाशी खडी-वाळूचा थर द्यावा. झाडांच्या बुंध्यांभोवतीची माती मोकळीच ठेवावी.