टेरेसच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का?

फोंड्याजवळच्या एका दादांनी विचारलंय. २००१ सालचं घर, बाराशे स्क्वेअर फुटांचा फ्लॅट स्लॅब, यंदा चवथीला माटोळीच्या (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) बाजूलाच बादली ठेवायची पाळी आली. तीन कोटेशन्स आलीत: नुसतं अ‍ॅक्रेलिक कोटिंग ४८ हजार, वर पत्र्यांची शेड २ लाख ७६ हजार, आणि जुना कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) फोडून नवीन स्लोप, मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर), उष्णता अडवणारा इन्सुलेशन बोर्ड, वर चायना मोझेक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) असं सगळं पॅकेज ३ लाख १२ हजार. दादांना पॅकेज पसंत आहे, त्यासाठी १३ टक्क्यांनी पाच वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. मुलाच्या इंजिनिअरिंगची ४ लाखांची एफडी आहे, ती दोन वर्षांनी लागणार, आणि महिन्याला बाराएक हजार शिल्लक पडतात.

दादा, काम कराच, पण हे लोन नको आणि पॅकेज पण आहे तसं नको.

आधी पॅकेज फोडून बघू. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये इन्सुलेशन बोर्डाचे फुटाला ११० रुपये लावलेत, म्हणजे १ लाख ३२ हजार, उरलेलं सगळं वॉटरप्रूफिंग १ लाख ८० हजारात बसतं. आता ते एक लाख बत्तीस कधी वसूल होणार? एसी एकाच बेडरूमला, दीड टनाचा, तासाला सव्वा युनिट धरा, उन्हाळ्याचे चार महिने रोज सहा तास, झाले साधारण ९०० युनिट, त्यातले पाव वाचले आणि युनिटला पाच रुपये पकडले तरी वर्षाला अकराशे-बाराशे रुपये. शंभर वर्षं लागतील की हो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो हे खरं आहे, तुमची आई त्याच खोलीत झोपते हेही तुम्ही लिहिलंय, तिचा त्रास बिलात मोजता येत नाही हे मान्य. पण बोर्ड आत्ता वगळा, त्या एका खोलीला फॉल्स सिलिंग आणि वर इन्सुलेशन खालून कधीही करता येतं, पुढच्या वर्षीसुद्धा. आणि चायना मोझेक पांढऱ्या टाइल्सचंच घ्या, ऊन बऱ्यापैकी परतवतं, फक्त पावसाळ्यात शेवाळ धरून काळं पडतं म्हणून दरवर्षी घासून धुवावं लागेल.

वॉटरप्रूफिंग मात्र थांबू शकत नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत सिलिंगवर सरळ रेषेत तांबूस डाग आहेत. ते नुसतं पाणी नाही, आतल्या सळईला गंज धरलाय. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला आतून फाडते, मग प्लास्टरचे पोपडे पडतात आणि खर्च वॉटरप्रूफिंगवरून स्लॅबच्या रिपेअरवर जातो. म्हणून पहिले पैसे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या, कॉन्ट्रॅक्टरला नाही. आणि कोणी जुन्या कोब्यावरच नवीन कोबा टाकूया म्हणाला तर त्याला परत पाठवा, कोब्याचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातं, ते डबल कशाला करायचं.

४८ हजारवालं कोटिंग चांगल्या स्लॅबवर वाईट नाही, पण तुमच्याकडे पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यात पाणी साचतं, स्लोपच गेलाय, साचलेल्या पाण्याखाली ते दोन-तीन पावसाळ्यांत सुटायला लागेल. पत्र्यांनी गळती थांबेल, कपडे वाळत घालायला जागाही होईल, पण आधी पंचायतीची परवानगी बघा, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा पत्र्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता पैशाचं. ३ लाख १२ हजारांचा पाच वर्षांचा हप्ता होतो जवळपास ७१०० रुपये, आणि नुसतं व्याज जातं १ लाख १४ हजार. टॅक्स वाचतो असं एजंट म्हणाला ना? इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये राहत्या घराच्या रिपेअरसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला जास्तीत जास्त ३० हजारांची वजावट आहे, मुद्दलावर काहीच नाही, आणि तुम्ही नवीन रिजीममध्ये आहात म्हणजे तुमच्यासाठी शून्य. त्यापेक्षा एफडी न मोडता तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचलायचे. बँका साधारण एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात, साडेआठ धरा. १ लाख ८० हजार उचला, महिन्याला बारा हजार भरत गेलात तर सोळाएक महिन्यांत संपेल, व्याज अकरा हजारांच्या आसपास, आणि मुलाच्या ॲडमिशनला एफडी मोकळी. मात्र ते बारा हजार दर महिन्याला खरंच भरा, ओव्हरड्राफ्टला हप्त्याची सक्ती नसते म्हणून लोक ढकलत राहतात. आणि इंजिनिअरने सळईचं काम सांगितलं तर तो आकडा हातात आल्यावरच ओव्हरड्राफ्टची रक्कम ठरवा.

सोलर बसवायचं डोक्यात असेल (३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे) तर ते या कामानंतरच, स्टँड उभे राहिले की खालचं वॉटरप्रूफिंग करणं कठीण.

काम दिवाळीनंतर, स्लॅब पूर्ण सुकल्यावर काढा, मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते आणि ओल्या स्लॅबवर मेम्ब्रेन चिकटत नाही, फुगे येतात. मेम्ब्रेन झाल्यावर, टाइल्स लावायच्या आधी, टेरेसवर ४८ तास पाणी भरून ठेवायला लावा आणि खाली प्रत्येक खोलीत सिलिंग स्वतः बघा. जीएसटीचं पक्कं बिल आणि लेखी गॅरंटी घ्या, आणि पेमेंटचा शेवटचा पाव भाग जूनचा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत देऊ नका, हे कामाच्या आधीच कागदावर लिहून घ्या.