घेतलेले यंत्र सदोष निघाले, तर कोणता कायदा?

प्रश्न : मी घरगुती चटणी कांडपाचा व्यवसाय करते. शाहूपुरीतील एका दुकानातून, काम कोणते ते नीट सांगून, कांडप यंत्र घेतले. पंधरवड्यातच मोटर तापून बंद पडू लागली. पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे, आणि यंत्र धंद्यासाठी घेतल्याने तुम्ही ग्राहकच नाही, असे दुकानदार म्हणतात. मला ग्राहक कायदा लागू होतो की विक्रीचा जुना कायदा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही लागू होतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम १०० नुसार तो इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारा नाही. किंबहुना ‘दोष’ कशाला म्हणायचे हे ठरवताना तो इतर कायद्यांनी आणि व्यक्त वा गर्भित कराराने घालून दिलेला दर्जाच प्रमाण मानतो. हा दर्जा तुमच्या बाबतीत माल विक्री अधिनियम, १९३० मधून येतो : खरेदीचा हेतू सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून, त्याच्या नेहमीच्या व्यापारातील वस्तू घेतली, तर ती त्या कामास योग्य असावी, ही अट कलम १६ गृहीत धरते.

जुना कायदा अपुरा पडतो तो पुढे. कलम ६२ नुसार अशी गृहीत अट उभयपक्षी स्पष्ट कराराने वगळता येते, आणि माल एकदा स्वीकारल्यावर सहसा तो परत करता येत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. वाजवी मुदतीत नकार न कळवणे हाही स्वीकारच ठरतो. म्हणून दुकानदारास आजच लेखी कळवा. ग्राहक आयोग मात्र दुरुस्ती, बदली यंत्र किंवा पैसे परत, यांपैकी काहीही देववू शकतो. पावतीवरील त्या ओळीने घाबरून जाऊ नका : सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

दुकानदारांचा दुसरा मुद्दा अर्धाच खरा आहे. व्यापारी हेतूने खरेदी करणारा ग्राहक ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या हेतूत मोडत नाही, आणि एक-दोन मदतनीस असल्याने हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. उद्या कामगार ठेवून मोठा कारखाना काढलात, तर मात्र जुना कायदा आणि दिवाणी न्यायालय हाच मार्ग उरेल.

तक्रार दोन वर्षांच्या आत कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. यंत्राची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. यंत्र खोलून दुरुस्त करून घेण्याची घाई करू नका, कारण आयोग ते तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.